इंदूच्या शाळेची सुपारी

ज्या दिवशी इंदूची शाळा ठरायची होती, त्या दिवशी आबासाहेबांनी सकाळीच पेटीतून लाल पगडी काढायला लावली. संस्थानाचं विलीनीकरण झाल्यापासून ती पगडी उजेडात आली नव्हती. दरबार गेला, पागा गेली, घोडे लिलावात निघाले आणि धारच्या त्या पागेत आता कचेरीतल्या कारकुनांच्या सायकली उभ्या राहत. पण पागेचे अधिकारी यशवंतराव वाबळे, म्हणजेच आबासाहेब, मनाने अजून तिथेच होते. नातीला बोर्डिंगात घालायचं की नाही, हा प्रश्न घरात आला आणि मरगळलेल्या मिशांना पुन्हा पीळ पडला. बैठक भरवायची होती. बैठक म्हटली की पगडी आली, लोड-तक्के आले, पानाचं तबक आलं आणि मोरोपंत आले.

मोरोपंत दरबारचे जुने कारकून. दरबारात कोणी कुठं बसायचं हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता दरबारच नसल्यामुळे ते लोकांच्या लग्नामुंजींत जाऊन सुखाने बसलेल्या माणसांना उठवत आणि दुसरीकडे बसवत. त्यांना बोलावलं नाही तरी ते येत, आणि बोलावलं तर आदल्या दिवशीच येत.

आत स्वयंपाकघरात इंदूची आई सुमंगला पोहे भिजवत होती आणि चामुंडेला एकच साकडं घालत होती, की आजचा दिवस निभू दे. इंदू चौदा वर्षांची झाली होती. धारला पुढं शिकायचं तर मुलांच्या हायस्कुलात बसावं लागणार, आणि त्यापेक्षा पोरीला मुंज तलावात लोटा, असं आबासाहेबांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे रस्ते राहिले दोन. एक देवासच्या बोर्डिंगचा आणि एक कुक्षीचा. कुक्षीला मानाजीरावांचा मुलगा होता. तो काय करतो हे कोणालाच सांगता येत नसे, पण जे करतो ते फार चांगलं करतो असं सगळे म्हणत. परवा कुक्षीकर उत्तर मागायला येणार होते. आज शाळा ठरली नाही, तर परवा नवरा ठरणार होता.

हे स्थळ आणलं होतं थोरल्या जाऊबाईंनी, मैनाबाईंनी. मानाजीराव त्यांचे मावसभाऊ. खरं तर सुमंगला आणि मैनाबाई दोघी देवासच्याच, पण एका गावच्या म्हणून त्यांच्यात गोडी असेल असं ज्याला वाटेल त्याने देवास पाहिलेलं नाही. देवासला एका गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक महाराज, त्या बाजूला दुसरे. मैनाबाई थोरल्या पातीच्या आणि सुमंगला धाकट्या पातीची. दोन्ही राज्यं बुडाली, दोन्ही झेंडे उतरले, तरी वाबळ्यांच्या स्वयंपाकघरात थोरली पाती वरणाला हिंग जास्त घाली आणि धाकटी पाती नाक मुरडी.

म्हणूनच शाळा निवडताना सुमंगलेने डोकं चालवलं होतं. तिच्या भावाने, बापूने, धाकट्या पातीकडची एक चांगली शाळा सुचवली होती. तिने ती बाजूला ठेवली आणि रस्त्याच्या पलीकडचं, थोरल्या पातीच्या हद्दीतलं कन्या छात्रालय निवडलं. मैनाबाई आता त्या शाळेला नावं ठेवू शकत नव्हत्या. माहेरच्या वाऱ्यालासुद्धा त्या कधी नाव ठेवत नसत.

उरले होते आबासाहेब. महिन्यापूर्वी सुमंगलेने पहिल्यांदा बोर्डिंगचं नाव काढलं, तेव्हा ते गरजले होते, "वाबळ्यांची मुलगी घराबाहेर जाते ती एकदाच. डोक्यावर अक्षता पडल्यावर!"

सुमंगला मान खाली घालून आत वळली. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मग मामंजी, तशीच रीत करूया की. शाळेच्या बाई स्वतः मुलगी बघायला येणार आहेत."

मुलगी बघायला! हे शब्द आबासाहेबांना कळत होते. बोर्डिंग, ॲडमिशन, मॅट्रिक हे काही कळत नव्हतं, पण मुलगी बघायला कोणी येतं तेव्हा काय करायचं असतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी हुंकार भरला आणि त्याच संध्याकाळी मोरोपंतांना बोलावणं गेलं.

आणि आज ती बाई आली. वेणूताई मुळ्ये, अंगावर खादीचं पातळ, पायात जाड चपला, नाकावर चष्मा. एकट्याच टांग्यातून उतरल्या आणि मोरोपंतांपुढे मोठाच पेच पडला. वरपक्षाकडून बाई आली तर तिची जागा आत बायकांत. पण बोलणी करायला आलेल्या माणसाची जागा बाहेर बैठकीत. शेवटी त्यांनी माजघराच्या उंबरठ्यालगत पाट मांडला, अर्धा आत, अर्धा बाहेर. वेणूताई देवासच्याच असल्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?" आबासाहेबांनी विचारलं. "आपलं मूळ गाव?"

"माझं? आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे."

"आपलं नव्हे हो. शाळेचं."

वेणूताईंनी चष्मा सारखा केला. "शाळेचं मूळ... शाळा आमच्या गुरुजींनी काढली. एकवीस साली."

"घराणं नवं आहे," आबासाहेब मोरोपंतांकडे झुकून म्हणाले.

"नवं आहे, पण स्वच्छ दिसतंय," मोरोपंत म्हणाले.

दाराआड उभ्या सुमंगलेने पदर तोंडात कोंबला. पलीकडे तिचे यजमान शिवाजीराव बसले होते. शेवटी बोलेल त्याचं पटायचं, हा त्यांचा स्वभाव; त्यामुळे ते सतत पटल्यासारखी मान हलवत होते. त्यांच्या शेजारी थोरले बंधू जयसिंगराव, मैनाबाईंचे यजमान. पूर्वी दरबारच्या शिकारखान्यावर होते, आता मध्यभारत सरकारच्या जंगलखात्यात, आणि दिवसभर हिंदीत अर्ज खरडून त्यांची मराठी निम्मी सरकारजमा झाली होती.

"मुलीला बोलवा," आबासाहेबांनी फर्मावलं.

इंदू पोह्यांची बशी घेऊन आली. मैनाबाईंनी तिला सकाळीच हिरवी साडी नेसवली होती. बोर्डिंगवाल्या बाईसमोर नीट चालता आलं तर परवा कुक्षीकरांसमोरही चालता येईल, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता. इंदूने वाकून नमस्कार केला आणि पदर पायात येऊन बशीतले पोहे निम्मे वेणूताईंच्या पायावर सांडले.

"मुलगी हसतमुख आहे," मोरोपंत घाईने म्हणाले. इंदू रडवेली झाली होती.

"गणित आवडतं का तुला?" वेणूताईंनी पोहे झटकत विचारलं.

"स्वयंपाक सगळा येतो," आबासाहेब म्हणाले.

"पुरणपोळीसुद्धा," आतून मैनाबाई.

"मी तिला विचारते आहे."

इंदू म्हणाली, "आवडतं बाई. पण अपूर्णांकात कधीकधी गडबड होऊन जाते. कायदा पता असतो, पण पेपरात भूल जाते मी."

वेणूताई हसल्या. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि तिला वाचायला दिलं. इंदूने वाचलं. शाळा हिंदी, शेजार माळवी; पोरीने 'सकाळी शाळेत वेळेवर जावे' हे वाक्य 'सकाली शालेत वेलेवर जावे' असं खणखणीत वाचून दाखवलं. मोरोपंतांनी डोळे मिटून घेतले.

"हे आमच्याकडे सुधारेल," वेणूताई म्हणाल्या.

"सुधारेल, सुधारेल," शिवाजीरावांना लगेच पटलं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग आबासाहेबांनी विचारलं, "मुलीला तिकडे काही त्रास नाही ना पडणार? माणसं हाताखाली किती?"

"माणसं नाहीत. आमच्या मुली आपलं आपण करतात. कपडे धुतात, खोली झाडतात, जेवल्यावर भांडी घासतात."

 मैनाबाईंनी दाराआडून अंमळ मोठ्यानेच "अगबाई!" म्हटलं. आबासाहेबांचा मिशीवरचा हात खाली आला.

"देख भिया," जयसिंगराव शिवाजीरावांना म्हणाले, "म्हणजे फी बी आपण भरायची आणि बर्तन बी आपल्याच पोरीने घासायचे? हे कसलं गणित?"

"खरं आहे," शिवाजीराव म्हणाले. त्यांनाही पटलं.

 पोर गेली कुक्षीला, सुमंगलेला वाटलं. तिला नवऱ्याचा राग आला, दिराचा आला, आणि सगळ्यांत जास्त राग त्या खरं बोलणाऱ्या खादीच्या बाईचा आला. अहो, एक दिवस तरी खोटं बोलायचं होतं!

पण वेणूताईंचं बोलणं संपलं नव्हतं. "सरदार संताजीरावांची नात दोन वर्षं आमच्याकडे आहे. तीही घासते. कधी तक्रार नाही."

संताजीराव म्हणजे थोरल्या पातीचे मोठे सरदार, मैनाबाईंच्या माहेरचं दैवत. 'आमच्या संताजीकाकांकडे' असं म्हटल्याशिवाय मैनाबाईंचा एक सण पार पडत नसे. सगळ्या बैठकीने दाराकडे पाहिलं. दाराआड बांगड्या तेवढ्या वाजल्या.

आबासाहेबांचा हात पुन्हा मिशीवर गेला. मग त्यांनी विचारलं, "भांडी कसली? पितळी?"

"पितळी."

"मग हरकत नाही," आबासाहेब म्हणाले. "मला वाटलं, हलक्या ॲल्युमिनमची, जर्मनची."

सुमंगलेचा जीव भांड्यात पडला, आणि तेही पितळीच.

आता देण्याघेण्याची बोलणी निघाली. आबासाहेब सरसावून बसले. तीन लेकींच्या लग्नांत व्याह्यांनी त्यांना नागवलं होतं, तेव्हा हा डाव त्यांच्या ओळखीचा होता. "हं. आपली अपेक्षा काय ती मोकळेपणी सांगा. मागाहून रुसवेफुगवे नकोत."

"अपेक्षा एकच. मुलीने मनापासून शिकावं."

"ते झालंच हो. पण सोबत काय आणायचं?"

"एक गादी. दोन चादरी. ताट, वाटी, तांब्या."

आबासाहेब थांबले. पुढचं ऐकायला कान पुढे केला. पुढचं काही नव्हतंच.

"आणि?"

"आणि काही नाही. दागिने तर अजिबात नकोत."

"दागिने नकोत!" आबासाहेबांनी मोरोपंतांकडे पाहिलं, मोरोपंतांनी आबासाहेबांकडे. कुक्षीकरांनी नुसत्या निरोपातच मोटारसायकल मागितली होती, आणि ती कोणत्या रंगाची हवी तेही कळवलं होतं. "एक गादी? वाबळ्यांची मुलगी आणि एक गादी? छे, छे. आम्ही शिसवी पलंग देऊ."

"खोलीत मावणार नाही."

"मग दोन गाद्या तरी घ्या. आमची अब्रू आहे काही."

वेणूताईंनी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर एक जास्तीची उशी कबूल केली. आबासाहेब खूश झाले. मुलीच्या बाजूने बोलणी करून हयातीत पहिल्यांदाच ते फायद्यात आले होते. "मोरोपंत," ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "व्याही मिळावा तर असा."

तेव्हाच जयसिंगरावांना बायकोची आठवण झाली. दाराआडून मैनाबाई त्यांना एकसारख्या खुणा करत होत्या. "आबा, ये सब ठीक आहे. पण घाई कशाला? परवा कुक्षीवाले येऊन राहिले. त्यांचं बी ऐकून घेऊ, मग सोचू. दोन्हीपैकी जे बरं वाटेल ते."

"तेही खरंच," शिवाजीराव म्हणाले.

"हूं," आबासाहेब म्हणाले. "ऐकून घ्यायला काय हरकत आहे."

सुमंगलेला ठाऊक होतं, परवा काय होईल. मानाजीराव धोतराचा सोगा सावरत येतील, दरबाराच्या गोष्टी काढतील, पागेतल्या घोड्यांची नावं विचारतील, आणि आबासाहेब पाघळतील. तिने बाहेर नजर टाकली. मोरोपंतांनी रीतीप्रमाणे तबक मांडलं होतं. हळदकुंकू, विड्याची पानं, आणि पानांवर एक अख्खी सुपारी. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक बैठकीला असंच तबक मांडलं होतं आणि आजही त्यांचा हात सवयीने चालला होता. फक्त एक गोष्ट राहिली होती.

"अहो, आतून अडकित्ता द्या कोणीतरी!" मोरोपंतांनी हाक दिली.

सुमंगलेने कोनाड्यातला अडकित्ता उचलला.  अशीच बैठक देवासला तिच्या माहेरी भरली होती. ती तेव्हा इंग्रजी चौथीत होती, वर्गात पहिली होती, आणि आतल्या खोलीत पुस्तकं छातीशी धरून हुंदके देत होती. बाहेर व्याह्यांच्या जागी हेच आबासाहेब बसले होते. कोणीतरी म्हणालं, मुलगी रडतेय, अजून शिकायचं म्हणतेय. तेव्हा सुपारीची भकलं हातात घेऊन ते हसत म्हणाले होते, 'आता काय उपयोग? फुटलेली सुपारी जुळत नाही.' सगळी बैठक हसली होती. ते हसणं ती इतक्या वर्षांत विसरली नव्हती, विसरणारही नव्हती.

दारात मैनाबाईंनी तिचं मनगट धरलं. "अडकित्ता कशाला नेतेस गं?"

"मागितला म्हणून."

"मला वेडी समजतेस? म्हातारा भरात आहे. हातात अडकित्ता आला की फोडून मोकळा होईल."

"होऊ दे."

"आणि कुक्षीला मी काय तोंड दाखवू?"

"पदर घ्या की तोंडावर, जाऊबाई," सुमंगला म्हणाली. "आपल्याला सवयच आहे."

मैनाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले. मग काय झालं कोण जाणे, त्यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि त्या फस्सकन हसल्या. माणूस हसलं की त्याची मूठ सैल होते. "जा, मर जा तिकडे," त्या म्हणाल्या, "पण ती धाकट्या पातीची अक्कल माझ्यासमोर पाजळू नकोस."

सुमंगलेने डोक्यावरचा पदर सारखा केला, बाहेर गेली आणि अडकित्ता आबासाहेबांच्या उजव्या हाताशी ठेवला. आबासाहेबांनी तो उचलला, सुपारी उचलली, वेणूताईंकडे प्रसन्न चेहऱ्याने पाहिलं, आणि कट् केलं.

"आबा, ये क्या किया!" जयसिंगराव उठून उभे राहिले. "सुपारी फोडली!"

आबासाहेबांनी हातातली दोन भकलं पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मोरोपंत नजर चुकवून तबकातली पानं पुन्हापुन्हा लावू लागले.

"चुकून झालं ना आबा?" जयसिंगराव म्हणाले. "तर मग ते मोजायचं नाही. शाळेशी कधी सुपारी फुटते का?"

तेवढं 'चुकून' त्यांनी म्हणायला नको होतं. आबासाहेबांची मान ताठ झाली. "चुकून? मी? दरबारच्या बारा लग्नांच्या सुपाऱ्या ज्या हाताने फोडल्या, तो हात चुकेल? फोडली ती ठरवून फोडली!"

"पण कुक्षीवाल्यांना..."

"फुटलेली सुपारी जुळत नाही," सुमंगला म्हणाली. बैठकीत ती आजवर कधी बोलली नव्हती. "मामंजींनीच सांगितलंय."

आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना देवासची ती दुपार आठवली की नाही, कळायला मार्ग नव्हता. पण त्यांनी नजर आधी खाली घेतली. "हो," ते म्हणाले. "मी म्हणतोच तसं. मोरोपंत, कुक्षीला निरोप धाडा. मुलगी देवासला दिली म्हणावं."

"अहो पण," वेणूताई गोंधळून म्हणाल्या, "आमचा प्रवेश अजून ठरायचा आहे. मुलीची लेखी परीक्षा व्हायची आहे, आणि जागा थोड्याच..."

"आता परीक्षा कसली?" मोरोपंतांना धक्काच बसला. "बाई, सुपारी फुटली!"

वेणूताई पुढे काही बोलणार, तोच सुमंगलेने साखरेची वाटी त्यांच्यासमोर धरली. वाटी हलत होती आणि साखर चटईवर सांडत होती. वेणूताईंनी वाटीकडे पाहिलं, मग वाटी धरणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे, आणि तिथंच त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग चिमूटभर साखर उचलून तोंडात टाकली.

"जुलैत पाठवा," त्या म्हणाल्या. "अपूर्णांक पक्के करून."

शिवाजीरावांना हे फारच पटलं.

टांगा गेला. आबासाहेब पगडी काढून, दमून आडवे झाले. मैनाबाई चटईवरची साखर मुंग्या लागायच्या आत झाडून घेत होत्या आणि आमच्या संताजीकाकांच्या नातीच्या शाळेत आमची इंदूसुद्धा जाणार, असं शेजारणीला खिडकीतून सांगत होत्या. सुमंगलेने चुलीपाशी बसून पहिल्यांदाच पोटभर रडून घेतलं. तिला फार बरं वाटलं.

इंदू साडी सोडून परकर-पोलक्यात येऊन शेजारी टेकली. पायाची नखं उकरत म्हणाली, "आई, मला जायचंय. सच्ची जायचंय. पण मला तर कोणी विचारलंच नाही."

"आता विचारते. जाशील ना?"

"हो." मग जरा वेळाने, "पण तिथं मन नाही लागलं तर?"

सुमंगलेच्या ओठांवर ते सुपारीचं वाक्य तयारच होतं. दुपारी तिने सगळ्या घरासमोर ते ठणकावून सांगितलं होतं, आणि त्याआधी जन्मभर मनात वागवलं होतं. तिने ते गिळून टाकलं. पोरीला जवळ ओढलं आणि दारापलीकडे आबासाहेब घोरताहेत याची खात्री करून घेतली.

"तर सरळ परत यायचं," ती म्हणाली. "पण हे तुझ्या आजोबांना सांगू नकोस."